खोक्यावरचे आकडे

लाइट गेली तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं.
सोळा माग एका दमात गप्प,
आणि कानातला खडखडाट
हळूहळू उतरत गेला, ताप उतरावा तसा.
एप्रिल. पत्र्याखाली मी आणि अंबादास बोल्ली,
टॉवेलच्या गठ्ठ्यांवर, बनियनवर.

तो म्हणाला, नवीन आला बे त्याचा. सव्विसावा.
कोणाचा, हे विचारावं लागत नाही.
सहा नट बदलले, साहेब चाळिशीचाच.
विमानातून पडतो नि भांग मोडत नाही.
आम्हाला जिना उतरताना कठडा लागतो.

म्हटलं, चल, पाच निवड. सव्विसातले पाचच.
नावं इंग्रजी, ती तेव्हाही धड येत नव्हती,
आम्ही नंबरानंच ओळखायचो,
मागाला ओळखतात तसं.
त्यानं मार्कर घेतला, रिकामं खोकं पुढं ओढलं.

चार, म्हणाला. चारवर वादच नाही.
चारमध्ये खलनायकाचं ते भिंतभर यंत्र,
त्यातून भोकांचं कार्ड बाहेर येतं,
जगाचा नाश त्यावर लिहिलेला
आणि साहेबाला काही वाचता येईना.
अंबादास तेव्हा साखर पेठेत
जकार्डच्या कार्डांना भोकं पाडायचा, दिवसाला तीनशे.
पहिल्या रांगेतून उठून ओरडला होता,
"अरे, ही तर मोराची बॉर्डर!"
अख्खं टॉकीज हसलं.
डोअरकीपर मौलाली बॅटरी घेऊन धावला, तोही हसला.
अंबादास आजही शपथेवर सांगतो, मोरच होता,
फक्त तुऱ्याजवळ एक ओळ चुकलेली.

मग सात. सातमध्ये बर्फ आहे.
गोष्ट विचारू नका.
बेचाळीस डिग्रीत तीनदा पाहिला, बर्फासाठी.

दोनवर भांडण झालं.
दोनचं शेवटचं रीळ आमच्याकडं आधी लागलं होतं.
साहेबानं खलनायकाला मारलं
आणि मग तासभर त्यालाच शोधत हिंडला,
दमून, घामाघूम, गल्लोगल्ली.
मला अजून तेच बरोबर वाटतं.
अंबादास म्हणाला, चूक रिळाची, पिक्चरचा काय गुण?
शेवटी घेतला, सतराच्या बदल्यात.
सतरा त्याचा. त्यात एकदा, एकदाच,
साहेब हॉटेलच्या खोलीत बूट काढून
स्वतःचे पाय चेपत बसतो.
तेवढं खरं आहे, म्हणतो अंबादास.

एक जागा उरली. मी म्हटलं, अकरा.
अकरा? अकरा कुणाच्या यादीत नसतो बे.
तो रबरी देवमासा, टाके दिसतात त्याचे!
दिसतात.
पण अकराला मी आईला नेलं होतं.
टॉकीजला तेव्हा नुकताच एसी लागलेला,
ती सकाळपासून विड्या वळून आलेली.
पाट्या संपायच्या आत झोपली.
मोटारी जळाल्या, पूल कोसळला,
ती झोपलेली, आणि मांडीवर बोटं चालूच,
पान, तंबाखू, दोरा,
पान, तंबाखू, दोरा.
पडद्याकडं मी फार पाहिलंच नाही.
बाहेर उन्हात आल्यावर पदर सारखा करत म्हणाली,
मंचिगुंदी. चांगला होता.

अंबादासनं पुढं काही विचारलं नाही.
अकरा लिहिला, चारच्या वर.

लाइट आली. सोळा माग एकदम उठले.
तो काहीतरी बोलला, ऐकू आलं नाही;
ओठांवरून वाटतं, दोन काढून टाक.

संध्याकाळी पोरांनी तेच खोकं भरलं,
दहा डझन, पांढरे, पट्टी मारली,
आणि ट्रक बंदराकडं गेला.

आता कुठल्यातरी परक्या गोदामात
कुणी गणवेशातला माणूस वाकून पाहील,
११ ४ ७ २ १७,
पुन्हा पाहील.
वरच्याला बोलावील, तो त्याच्या वरच्याला.
मग दार लावून घेतील.